सांगलीत उभ्याने खायची ठिकाणं

जून १९९४ मध्ये मी सांगली सोडून हैदराबादला गेले. तिथल्या एका इंग्रजी दैनिकात शिकाऊ उपसंपादक म्हणून नोकरी लागली होती. मिरज स्टेशनवर आई आणि आण्णा सोडायला आले. गाडी यायला वेळ होता. स्टेशनच्या उपाहारगृहात टेबलं रिकामी होती, पंखे चालू होते. आम्ही तिघांनी प्लॅटफॉर्मवर माझ्या ट्रंकेभोवती उभं राहून भडंग खाल्लं.

आण्णा म्हणजे माझे वडील. शिराळा तालुक्यातल्या एका गावातून ते १९६७ साली सांगलीला आले. आधी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये आणि नंतर कुपवाडच्या कारखान्यात ते लेथवर काम करत आले आहेत. माझ्या आठवणीत डिसेंबर १९९८ पर्यंत त्यांनी सांगलीतल्या एकाही हॉटेलात बसून काही खाल्लेलं नव्हतं. त्याचं कारण मला त्याच महिन्यात कळलं. हा मजकूर त्याविषयी आहे. सांगली सोडून गेलेल्यांना त्यात ओळखीची ठिकाणंही भेटतील.

कुर्डुवाडीपर्यंत नॅरोगेजची छोटी गाडी होती. चढावर तिचा वेग इतका पडे की माणसं खाली उतरून पाय मोकळे करत आणि पुन्हा चढत. पुढे मोठी गाडी. निघताना आईने डबा कुठे ठेवला आहे ते सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. आण्णा खिडकीच्या गजाला धरून उभे होते. ते एवढंच बोलले, "कुठंबी खा, पन स्वच्छ खा. आनि आपला कप आपन विसळायचा."

हे वाक्य माझ्यासाठी नवीन नव्हतं. आमच्या घरात ते दात घासण्याइतकंच सवयीचं होतं. आण्णा कुठेही चहा प्यायले की कप घेऊन नळ किंवा पाण्याचा पिंप शोधत, विसळत आणि पालथा ठेवत. दुसरंही एक वाक्य होतं: "बसून खाल्लं की चव जाती." आम्ही ते खवय्याचं मत समजत होतो. सांगलीत जे काही चांगलं खाल्लं ते पुडक्यातून, घाटावर, झाडाखाली किंवा रस्त्याच्या कडेला. कॉलेजच्या कँटीनमध्ये मुली चहा पिऊन कप तिथेच टाकून उठायच्या. मला तो आळशीपणा वाटायचा. चांगल्या घरची माणसं कप विसळतात, अशी माझी समजूत होती.

हैदराबादच्या पहिल्याच आठवड्यात रझिया मॅडम मला ऑफिससमोरच्या इराणी हॉटेलात घेऊन गेल्या. त्या फीचर्स विभागाच्या प्रमुख. वयाने माझ्या आईएवढ्या, चष्मा नेहमी केसांत. चहा झाला आणि मी कपबशी उचलून नळ विचारायला लागले. वेटर माझ्याकडे आणि मॅडम वेटरकडे बघत राहिल्या.

"नौकरी अखबार में लगी है या यहां?" मॅडमनी विचारलं.

आमच्याकडे असंच करतात, असं मी सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या डेस्कला कळलं की सांगलीचे लोक फार स्वच्छ असतात. पुढे कितीतरी दिवस कुणी टेबलावर कप सोडून उठलं की मागून आवाज यायचा, "सांगलीवाली से सीखो." मला त्याचा अभिमान वाटे. घरी पत्रातून मी तो किस्सा कळवलाही. आईने उत्तरात पाऊसपाणी लिहिलं, त्याबद्दल काही लिहिलं नाही.

चार वर्षांत मी शिकाऊची कायम झाले. भाषा बदलली. "हो" ऐवजी तोंडातून "हौ" जायला लागलं. भाकरी सुटली, दुपारी भात आणि आंबट पप्पू, म्हणजे तिकडचं वरण, सुरू झालं. इराणी हॉटेलात बसून चहा पिण्यात वेळ जाऊ लागला. बसून पिताना चव गेल्याचं कधी जाणवलं नाही. त्यावर विचार मात्र केला नव्हता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये आमच्या शनिवारच्या पुरवणीत एक सदर सुरू झालं. डेस्कवरच्या प्रत्येकाने आपल्या गावातली आवडती ठिकाणं लिहायची: काय खावं, काय प्यावं, कुठे भटकावं. नियम एकच, जिथे स्वतः खाल्लं नाही ते लिहायचं नाही. माझी पाळी आल्यावर मी तो मजकूर एका बैठकीत लिहून टाकला. त्यात जे होतं ते थोडक्यात असं.

भडंग गणपती पेठेतून घ्यावं. ताज्या घाण्याचं असेल तर लसणीचा वास रस्त्याच्या पलीकडे येतो. ते घेऊन कृष्णेच्या घाटावर जावं, कांदा बुक्कीने फोडावा आणि पायऱ्यांवर बसून आयर्विन पुलाकडे बघत खावं. थंडीत नदीकाठच्या मळीची वांगी येतात. मळी म्हणजे पूर ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन. ही वांगी काठावरच तुऱ्हाट्यांच्या जाळात भाजायची, भाकरी घरून न्यायची. हरिपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिंचेची जुनी झाडं आहेत. त्या रस्त्याने चालत संगमावर जावं. वाटेत जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत. पेव उघडल्यावर आधी कंदील आत सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत संध्याकाळी तारा जुळवताना ऐकाव्यात. आत जाण्याची गरज नाही, रस्त्यावरून ऐकू येतं. माझे मामा साताऱ्याला राहतात. तिथे गेलं की कंदी पेढे घेऊन टेकडीवरच्या चार भिंतींच्या स्मारकापर्यंत चढावं, शहर खाली दिसतं. चहा मात्र कुपवाडचा. औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर एक गाडा आहे. पाळी बदलताना लुना आणि सायकली चहूबाजूंनी उभ्या असतात. मालक, फोरमन, हेल्पर सगळे उभ्यानेच पितात. आण्णांच्या मते जिल्ह्यात याहून चांगला चहा मिळत नाही.

रझिया मॅडमनी मजकूर वाचला, चष्मा केसांत सरकवला आणि म्हणाल्या, "ये सब ठीक है. बैठते कहां?"

मी घाट म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर पंचाहत्तर वर्षांचा वाचक होता, गुडघे दुखणारा. त्याला खुर्ची हवी, छप्पर हवं, पंखा हवा. मी मजकूर पुन्हा वाचला. आठ ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी खुर्ची नव्हती. ज्या शहरात मी बावीस वर्षं काढली तिथल्या कुठल्या हॉटेलात बसायला बरं आहे, हे मला सांगता येत नव्हतं.

एसटीडी बूथवरून मी शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि आण्णांना बोलावून घेतलं. सांगलीत बसून खायला चांगलं हॉटेल कुठलं, असं विचारलं.

"बसाय कशाला पायजे? नदी हाय की," ते म्हणाले.

डिसेंबरमध्ये मी रजा घेऊन घरी आले. मजकुराला खुर्ची मिळवणं हे कामाचं निमित्त होतं. रविवारी सकाळी आण्णा आणि मी हरिपूरच्या रस्त्याने चालत निघालो. मी त्यांना सदराबद्दल सांगितलं, मॅडमचा प्रश्न सांगितला. मग इराणी हॉटेलातला कपाचा किस्सा, जो त्यांनी पत्रातून वाचलेला होता, पुन्हा हसत सांगितला. ते हसले नाहीत. एका चिंचेखाली ते जमिनीवर टेकले आणि शेजारची जागा हाताने झाडून मला बसायला सांगितलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी गावात एकच चहाचं हॉटेल होतं. आमच्या वस्तीतल्या माणसांनी आत जायचं नाही. बाहेरच्या भिंतीला खिळे होते, त्यांवर आमचे कप लटकवलेले असत. ते कप इतरांच्या कपांत मिसळत नसत. आपण आपला काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जाई. बाहेर उकिडवं बसून प्यायचा, विसळायचा आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचा. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला. आजोबांनी गावकीची कामं सोडली आणि हॉटेलातला चहाही सोडला. कप पुढची बरीच वर्षं खिळ्याला तसेच होते.

सांगलीत कुणी कुणाला ओळखत नव्हतं. म्हणून सदुसष्ट साली, पहिला पगार झाल्यावर, आण्णा बाजारातल्या एका हॉटेलात गेले आणि खुर्चीवर बसले. भजी मागवली, चहा मागवला. शेजारच्या टेबलावर त्यांच्या गावचा एक माणूस बसला होता.

"त्यो म्हनला, काय रं, आता आत बसून पितोस व्हय?" आण्णांनी सांगितलं. "हसून म्हनला. वंगाळ बोलला न्हाई. आता त्याच्या ध्येनात बी नसंल."

आण्णा उठले. कप घेऊन मागच्या नळावर गेले, विसळला आणि गल्ल्याजवळ पालथा ठेवला. हॉटेलच्या मालकाला काहीच कळलं नाही. आवं पाहुणं, कप ठेवा, पोरं धुत्यात, बसा निवांत, असं तो मागून ओरडत होता. भजी टेबलावर राहिली.

"मालकानं न्हाई हाकललं मला. कुनीच न्हाई हाकललं," ते म्हणाले. "पन पुना आत गेलो की आधी तोंडं बघाय लागलो. कोन हाय, कोन न्हाई. खानं ऱ्हायलं बाजूला. म्हनलं, कशाला त्यो ताप. नदीवर कुनाची तोंडं बघाय लागत न्हाईत."

मग कप विसळायला आम्हाला का शिकवलंत, असं मी विचारलं. मुलांना सवय लावली तर कुणी कधी विसळायला सांगणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. सांगायची वेळ येण्याआधीच विसळून झालेला असेल. हे त्यांनी चुकीचं मानलेलं नव्हतं, बरोबरही मानलेलं नव्हतं. एवढं सांगून ते उठले आणि पँट झाडली. पुढे संगमापर्यंत आम्ही चिंचा, कारखान्यातलं नवीन मशीन आणि माझ्या हैदराबादच्या खोलीचं भाडं यांवर बोललो.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं का. ती भाकरी थापत होती.

"त्यांनी न्हाई सांगितलं कवा. पन दिसतंय की," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं पुडक्यातनंच खातोय आमी. मला वाटायचं कवातरी म्हनतील, चल, आत बसू. म्हातारी झाले तरी न्हाई म्हनले."

तिला स्वतःला बसायचं होतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. तिने परातीतलं पीठ गोळा केलं आणि दुसरी भाकरी घेतली.

त्याच आठवड्यात एका सकाळी आम्ही तिघं एसटी स्टँडकडे गेलो. मला साताऱ्याला मामाकडे जायचं होतं. स्टँडजवळ मिसळीचं एक हॉटेल आहे. आण्णा सवयीने गल्ल्यापाशी थांबले आणि तीन मिसळी पार्सल सांगितल्या. आई त्यांच्या शेजारून आत गेली आणि भिंतीकडच्या टेबलाशी बसली. पिशवी मांडीवर घेतली.

आण्णा दारातून म्हणाले, "आगं, पार्सल सांगितलंय."

"माजं गुडघं दुखत्यात," आई म्हणाली. "तुमी न्या तुमचं पार्सल नदीवर. मी हितं खाते."

"एकटीच?"

"एकटी कशानं? पोरगी हाय की."

मी तिच्या समोर बसले. आईने वेटरला तीन मिसळी सांगितल्या. आण्णा दारातच राहिले. पाठ गल्ल्याकडे, तोंड आत. त्यांची नजर टेबलांवरून फिरत होती, सावकाश, एकेका टेबलावर थांबत. आता मला ठाऊक होतं की ते काय करत आहेत. एका टेबलावर कॉलेजची मुलं होती, एकावर एसटीचे दोन कंडक्टर, कोपऱ्यात नवराबायको आणि लहान मूल. बाकी रिकामं. मागून गिऱ्हाईकं येत होती आणि दारात आण्णा उभे होते.

वेटर चांगला पन्नाशीचा होता, मिशा पांढऱ्या, खांद्यावर फडकं. तो तीन ताटल्या एका हातावर पेलत आला आणि आण्णांच्या मागे अडकला.

"काका, आत व्हा न्हाईतर भायेर व्हा," तो म्हणाला. "दारात मिसळ निवतीया."

आण्णा आत झाले. आईशेजारच्या खुर्चीवर बसले, अर्धे. वेटरने ताटल्या ठेवल्या आणि पाव ठेवले. पार्सलचा विषय कुणी काढला नाही.

आम्ही खायला लागलो. आईने लिंबू पिळलं. आण्णा ताटलीत बघून खात होते, मान वर न करता. वेटर किटली घेऊन टेबलांमधून फिरत होता. किटलीत कट होता, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा. त्याने न विचारता माझ्या ताटलीत ओतला, आईच्या ओतला. आण्णांनी ताटलीवर हात आडवा धरला.

"आमी न्हाई मागितला," ते म्हणाले.

"मागाय कशाला लागतंय? हात काडा, भाजंल," वेटर म्हणाला आणि हात निघाल्याबरोबर ओतून पुढच्या टेबलाकडे गेला.

आण्णांनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. मग आईला म्हणाले, "पार्सलात ह्यो देत न्हाईत."

"बसनाऱ्याला देत्यात," आई म्हणाली.

थोड्या वेळाने त्यांनी वेटरला हाक मारून कट पुन्हा मागितला. तोवर ते खुर्चीच्या पाठीला टेकले होते. चहा आला. चहा पिऊन झाल्यावर ते कप घेऊन उठले. वेटर उलट दिशेने येत होता. त्याने चालता चालता तो कप त्यांच्या हातातून काढून आपल्या हातातल्या चळतीवर ठेवला आणि आत निघून गेला. त्याने आण्णांकडे पाहिलंही नाही. आई म्हणाली, आवं चला, सातारची गाडी लागलीया. आम्ही बाहेर आलो.

सातारच्या गाडीत खिडकीशी बसून मी मजकुरात दोन दुरुस्त्या केल्या. मिसळीचं हॉटेल घातलं आणि पुढे लिहिलं: आत बसायला जागा आहे, कट पुन्हा मिळतो. कुपवाडच्या चहाबद्दलचं आण्णांचं मत तसंच ठेवलं, कारण ते त्यांचं मत होतं. तिथे सगळेच उभे असतात, एवढं वाक्य मजकुरात आधीपासून होतंच.

मजकूर जानेवारी १९९९ मध्ये छापून आला. रझिया मॅडमना मी कपाची गोष्ट इराणी हॉटेलात बसून सांगितली. झाल्यावर म्हणाल्या, डेस्कला मी काही सांगणार नाही, तुला सांगायचं असेल तर सांग. मी सांगितलेलं नाही. कप मी अजून विसळते. हात आपोआप जातो. मात्र कुणी सांगलीची तारीफ केली की आता मी गप्प राहते.

इथे कुणी गाव विचारलं की मी सांगली म्हणते. आण्णांना कुणी विचारलं तर ते शिराळा तालुक्यातल्या गावाचं नाव सांगतात, तीस वर्षांहून अधिक काळ सांगलीत काढूनही. पूर्वी मला वाटे की त्यांचं मन अजून तिकडे आहे. आता वाटतं, ज्या शहरात माणूस आत शिरताना दारात थांबतो, त्या शहराला तो आपलं गाव म्हणायला वेळ लावणार. मी मागे सोडून आले ते शहर आणि ते ज्यात राहतात ते शहर एकच नव्हतं, जरी घाट, पूल आणि भडंगाचं दुकान तेच होतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर आहेत त्यांनी पुढच्या सुट्टीत घरच्यांना विचारावं, त्यांना कुठे बसायला आवडतं. उत्तर मिळायला वेळ लागू शकतो.

मार्चमध्ये आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, आण्णा परवा कारखान्यातून परत येताना एसटी स्टँडकडे गेले होते. मिसळ खाऊन आले. पुडकं आणलं नाही. एकटेच होते. तिला हे कसं कळलं, असं मी विचारलं. जेवायला नको म्हणाले आणि शर्टावर कटाचा डाग होता, ती म्हणाली.

एका सूत्राच्या भरवशावर बातमी द्यायची नाही, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी आण्णांना फोनवर बोलवायला सांगितलं. ते आले. आत बसला होतात का, असं मी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले. "बसलो हुतो."